तिन्ही फेजवर चारशे, तरी मोटर ट्रिप: एका अप्रेंटिसचं प्रकरण

कूलिंग टॉवरचा दोन नंबरचा पंप सुरू व्हायचा, तीन-चार मिनिटं चालायचा आणि ट्रिप मारायचा. रिसेट केला की पुन्हा तेच. 15 किलोवॅटची मोटर, स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत अलगद उचलायची, मग डेल्टात पूर्ण जोरावर न्यायची), ओव्हरलोड रिले (जादा करंट गेला की मोटर बंद पाडणारा) 16 अँपिअरला लावलेला. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्यासारख्या मध्यम प्लांटमध्ये असला फॉल्ट अधूनमधून येतोच, म्हणून मी खुर्चीतून उठलो नाही. ठेकेदाराकडून तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या मुलाला पाठवलं. आयटीआय इलेक्ट्रिशियन, वर एक वर्षाची अप्रेंटिसशिप पूर्ण, दोन्ही सर्टिफिकेटं फाइलला लावलेली. सोबतीला आमचे जुने वायरमन. त्यांना अख्खा प्लांट मामा म्हणतो.

वीस मिनिटांनी मुलगा परत आला. "सर, सप्लाय ओके आहे. तिन्ही फेजवर चारशे व्होल्ट येतंय. मोटर गेलीय, रिवाइंडिंगला काढावी लागेल."

"करंट किती आहे?"

तो गप्प. मग म्हणाला, "करंट नाही घेतला."

तिघेही पॅनलपाशी गेलो. मामांनी पंप लावला. स्टारमध्ये मोटर अलगद उचलली गेली, टायमर पडला, डेल्टा आत आला आणि आवाज बदलला. घुमायला लागली. "ऐकलास का आवाज?" मामांनी विचारलं. मुलाने मान हलवली, पण काय ऐकायचं होतं ते त्याला कळलेलं नाही हे दिसत होतं. मामांनी खिशातून टाँग टेस्टर (वायर न तोडता करंट मोजणारं जबड्याचं मीटर) काढला आणि रिलेखालच्या तीन वायरींना एकेक करून जबडा लावला. 22. 22. तिसऱ्या वायरीवर शून्य.

पंप बंद केला, आयसोलेटरला कुलूप घातलं, डेल्टा कॉन्टॅक्टर (मोटर डेल्टात जोडणारा तीन पोलांचा स्विच) उघडला. एका पोलची चांदीची टिकली उडून गेली होती, मागचं तांबं काळंठिक्कर पडलं होतं. कॉन्टॅक्ट किट बदललं, अर्ध्या तासात पंप चालू, तिन्ही वायरींवर तेराच्या आसपास. मोटर ठणठणीत होती. मुलाचं ऐकलं असतं तर ती काढून, हातगाडीवर घालून, रिवाइंडिंगवाल्याकडे गेली असती. नव्या वाइंडिंगची मोटर परत येऊन त्याच स्टार्टरवर पुन्हा ट्रिप झाली असती.

आता मेख अशी, की मुलाचं मीटर खोटं बोललं नव्हतं. डेल्टाचा एक पोल गेला की मोटरच्या आतल्या तीन वाइंडिंगपैकी (तारेच्या गुंडाळ्यांपैकी) एकीचं एक टोक मोकळं राहतं. पण उरलेली दोन वाइंडिंग मोटर फिरवत ठेवतात, आणि फिरणारी मोटर त्या मोकळ्या वाइंडिंगमध्ये स्वतःच व्होल्टेज उभं करते. प्रोब लावले की आकडा चारशेच्या जवळ येतो. माणूस फसतो. मुलाच्या खिशातल्या वहीत एका जोडीवर 414 आणि उरलेल्या दोन जोड्यांवर 392 नि 394 लिहिलेलं होतं. म्हणजे वीस व्होल्टचा फरक त्याने पाहिला होता, लिहिलाही होता. "थोडंफार कमी-जास्त असतंच ना सर." इकडे दोन वाइंडिंग तिघांचं ओझं ओढत होती, आणि रिले बिचारा आपलं काम चोख करत होता.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला कोरा कागद दिला आणि स्टार-डेल्टाचं सर्किट काढायला सांगितलं. पॉवर आणि कंट्रोल, दोन्ही. पाच मिनिटांत काढलं, इंटरलॉकसकट, एक चूक नाही. माझ्यापेक्षा सुबक.

दोन वर्षं आणि एक वर्ष

मुलगा दिघ्याचा, डोंगराच्या बाजूच्या वस्तीतला. वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटी होते. कंपनी बंद पडल्यापासून ते ऐरोलीत एका सोसायटीच्या गेटवर बसतात. आई दोन घरी पोळ्या करते. 2022 ला आयटीआयला प्रवेश, 2024 ला पास. (जानेवारी 2024 मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तोवर त्याचं कॉलेज जवळपास संपलं होतं. दोन वर्षं तो ट्रेनसाठी ऐरोलीपर्यंत जायचा. हे तो हसत सांगतो.)

इलेक्ट्रिशियन व्यवसायाचा आत्ताचा अभ्यासक्रम वाईट नाही. दरवर्षी 1200 तास, त्यातले 840 प्रात्यक्षिकाचे. दुसऱ्या वर्षात कंट्रोल पॅनल, ड्राइव्ह, फॉल्ट शोधणं, सगळं आहे. तुकडी वीस जणांची. मी 90च्या दशकात आयटीआय केलं तेव्हा याच्या निम्मंही नव्हतं. मग हा मुलगा करंट घ्यायला का विसरला? मला राग आला होता आणि राग आयटीआयवर काढणं सोपं होतं, म्हणून एका शनिवारी मी त्याच्या निदेशकांना भेटायला गेलो.

त्यांनी चहा पाजला आणि वर्कशॉप दाखवलं. भिंतीला दोन पॅनल, स्वच्छ, वायरींना फेरूल नंबर, दरवाजाला तेल. "वीस मुलांना जोडायला लावतो, चालवायला लावतो, सोडवायला लावतो," ते म्हणाले. "बिघडलेला मात्र देऊ शकत नाही. संस्थेच्या वस्तूंच्या डेडस्टॉक रजिस्टरला चालू स्थितीत म्हणून नोंद आहे. मी कॉन्टॅक्ट जाळून ठेवला आणि परीक्षेच्या दिवशी परीक्षकांना पॅनल बंद दिसला, तर खुलासा कोण देणार? स्विच लावून फॉल्ट तयार करता येतात, ते करतो. पण पोरं हुशार असतात. दुसऱ्या दिवशी कुठल्या स्विचला कुठला फॉल्ट हे वीसच्या वीस जणांना पाठ."

मी निमूट चहा प्यायलो. माणूस कामचुकार नव्हता. जे त्याच्या हातात होतं ते तो करत होता. बिघडलेली वस्तू मुलाच्या हातात देणं ही कारखान्याची बाजू होती, आणि त्यासाठीच तर अप्रेंटिसचं वर्ष असतं.

त्या वर्षाबद्दल बोलू. शिकाऊ उमेदवारी अधिनियम 1961 चा. 2019 मध्ये नियम बदलले तेव्हापासून कंत्राटी माणसं धरून 30 किंवा जास्त मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आयटीआय पास मुलाला तेव्हा ठरलेलं किमान विद्यावेतन दरमहा 7,000 रुपये. केंद्राच्या योजनेतून त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त 1,500, सरकार उचलतं. कायद्यात आणखी दोन कलमं आहेत, ती मुलांना कोणी वाचून दाखवत नाही. कलम 18 म्हणतं की अप्रेंटिस हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. कलम 22 म्हणतं की वर्ष संपल्यावर त्याला नोकरीत घ्यायचं की नाही याचं धोरण मालकाने स्वतः ठरवायचं. या दोन्हींची किंमत म्हणून मालकाने एकच गोष्ट द्यायची असते, ती म्हणजे शिकवणं.

मुलाने आपली अप्रेंटिसची डायरी आणून दाखवली. ठाणे-बेलापूरच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातलीच एक कंपनी, नाव घेत नाही. बारा महिन्यांची पानं. निळ्या शाईच्या एकाच पेनाने लिहिलेली, अक्षर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका लयीत. जूनमध्ये 'मोटर ओव्हरहॉलिंग', जुलैमध्ये 'पॅनल मेंटेनन्स', प्रत्येक पानाखाली तीच सही, त्याच तिरक्या रेषेत.

"हे कधी लिहिलंस?"

"शेवटच्या आठवड्यात सर. एचआर मॅडमनी जुन्या मुलाची डायरी दिली होती बघून लिहायला."

"आणि वर्षभर काय केलंस?"

त्याने न लाजता सांगितलं. पहिले चार महिने स्टोअर. मग एनर्जी मीटरची रीडिंग, सकाळ-संध्याकाळ, 38 मीटर. ट्यूब बदलणं. शिडी धरणं. पॅनल रूममध्ये जाऊ द्यायचे नाहीत, सेफ्टीचा नियम म्हणून. विद्यावेतन वेळेवर, किमानपेक्षा जास्तच, कॅन्टीन चांगलं. "कंपनी चांगली होती सर," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं. वर्ष संपल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीचं सर्टिफिकेट मिळालं, परीक्षेत गुणही बरे. कागदावर त्याच्यात काहीही कमी नव्हतं.

आणि आमच्याकडे आल्यावर? पहिले तीन आठवडे मीही त्याला लॉगबुक भरायला बसवलं होतं. अक्षर चांगलं आहे म्हणून.

भंगारातला पॅनल

आमच्या यार्डात एक जुना स्टार-डेल्टा पॅनल पडला होता आणि एक 5 एचपीची मोटर, सहा टोकांची, बेअरिंग आवाज करणारी पण फिरणारी. मामांनी दोन दिवसांत तो पॅनल वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला उभा केला. सेफ्टी ऑफिसरने आधी सरळ नकार दिला, आणि त्याचं म्हणणं चूक नव्हतं: शिकाऊ मुलाला जिवंत पॅनलमध्ये हात घालू देणं म्हणजे माझी नोकरी आणि त्याचा जीव, दोन्ही टांगणीला. शेवटी ठरलं ते असं: सप्लायला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच), वेगळा आयसोलेटर, त्याची किल्ली मामांच्या गळ्यात. मोजमाप करताना मामा शेजारी उभे. दुरुस्ती करताना कुलूप लावलेलं आणि टेस्टरने सप्लाय गेल्याची खात्री केलेली. परमिट मुलानेच लिहायचं.

रोज दुपारी चार ते साडेचार. मामा आधी फॉल्ट घालून ठेवायचे. पहिला फॉल्ट अर्थातच तोच: डेल्टा कॉन्टॅक्टरच्या एका पोलखाली कागदाइतकी पातळ लॅमिनेटची चकती. दुसरा, टायमरचा कॉन्टॅक्ट चिकटलेला. तिसरा, कंट्रोल फ्यूज बरोबर पण होल्डरची पकड ढिली. चौथा मला आवडला: मोटरच्या दोन टोकांची अदलाबदल, म्हणजे स्टारमध्ये सरळ, डेल्टात आल्याबरोबर दणका.

नियम एकच ठेवला. मीटर हातात घेण्याआधी लिहायचं: तक्रार काय, आवाज कसा, मला काय वाटतं, आणि ते खरं असेल तर मीटरवर काय दिसायला हवं. मग मोजायचं. अंदाज चुकला तर खोडायचं नाही, खाली लिहायचं. मुलाला हे फार जड गेलं. हाताने तो झपाट्याने काम करायचा, पण "मला वाटतं" असं लिहायला बसला की घाम फुटायचा. दोन वर्षं अधिक एक वर्ष त्याला कोणी काय वाटतं हे विचारलंच नव्हतं.

रिकाम्या मोटरचा करंट इतका कमी की आमच्या जुन्या टाँग टेस्टरवर काटा धड हलायचा नाही. तेव्हा मामांनी त्याला वायर जबड्यातून पाच वेळा गुंडाळून घ्यायला शिकवली. आकडा पाचपट येतो, पाचने भागायचं. मुलगा त्या वायरीकडे आणि काट्याकडे आळीपाळीने बघत राहिला. "हे कुठे लिहिलेलंय?" त्याने विचारलं. "आता तुझ्या वहीत लिही," मामा म्हणाले.

पहिला फॉल्ट शोधायला त्याला दोन दिवस लागले. करंट घ्यायचा हे आता पाठ झालं होतं, पण करंट शून्य आल्यावर तो वायर तुटली असं समजून मोटरच्या टर्मिनल बॉक्सपर्यंत गेला. तिथे सगळं बरोबर. परत आला. मग त्याच्या लक्षात आलं की स्टारमध्ये तीच वायर करंट घेत होती, म्हणजे वायरही धड आणि वाइंडिंगही धड, गडबड फक्त डेल्टात. हे त्याने आधी वहीत लिहिलं आणि मग कुलूप मागितलं. मी काचेतून बघत होतो. आत गेलो नाही.

नऊ दिवस

ऑक्टोबरमध्ये मुलगा गायब झाला. फोन बंद. ठेकेदाराने दुसरा मुलगा पाठवतो म्हणून सांगितलंही. दहाव्या दिवशी हा हजर, हाताला गॅसचा वास. घणसोलीत त्याच्या मित्राचं एसी सर्व्हिसिंगचं काम होतं, ऑक्टोबर हीटमध्ये कॉल मावत नव्हते. स्प्लिट धुवायचे, गॅस भरायचा, नगावर पैसे. नऊ दिवसांत त्याने आमच्याकडच्या जवळजवळ महिन्याइतके कमावले होते.

मी तापलो. तो शांत होता. "सर, घरी हप्ता होता."

यावर मी काय बोलणार? शासनाच्या कार्यप्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला दरमहा 8,000 मिळतात, अप्रेंटिसला सातच्या पुढे काहीबाही, ठेकेदाराकडे किमान वेतन. आणि एक पाना, एक पंप नि दोन गेज घेऊन बाहेर पडलं की हंगामात यापेक्षा जास्त. 'कौशल्याची दरी' वगैरे शब्द मी बऱ्याच सेमिनारमध्ये ऐकले. तिथे बोलणाऱ्या कुणालाही मुलाच्या घरचा हप्ता कितीला पडतो ते ठाऊक नव्हतं. शिकायला वेळ लागतो आणि त्या वेळाचं भाडं कोणीतरी भरावं लागतं. इथे ते आई भरत होती, पोळ्या करून.

ठेकेदाराला सांगून मी त्याला परत घेतला. त्याची रविवारची एसीची कामंही चालू राहू दिली. एचआरला हे आवडलं नाही.

महाप्याचा इंटरव्ह्यू

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात जिथे पूर्वी कारखान्यांची धुराडी होती तिथे आता डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. आत हजारो माणसं नाहीत, पण जी आहेत त्यांना चोवीस तास ट्रान्सफॉर्मर, डीजी (डिझेल जनरेटर), यूपीएस, चिलर सांभाळायचे असतात, आणि ही भरती बहुतेक करून देखभालीचं कंत्राट घेतलेल्या एजन्सीमार्फत होते. फेब्रुवारीत अशाच एका एजन्सीने मुलाला बोलावलं. आधीच्या सहा महिन्यांत तो अशा दोन ठिकाणी जाऊन पडून आला होता, हे मला तेव्हा कळलं.

आल्यावर त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं. पहिल्यांदा सिंगल लाइन डायग्राम (वीज कुठून कुठे जाते त्याचा आराखडा) पुढे टाकला आणि विचारलं, हा ब्रेकर उघडला तर कुठला लोड जाईल? हे आम्ही एकाच रविवारी केलं होतं, घाईत. अर्धं जमलं. मग विचारलं, यूपीएसचा अलार्म वाजतोय, तू एकटा आहेस, काय करशील? याने सांगितलं, "वेळ लिहीन, स्क्रीनवर काय आलंय ते लिहीन, शिफ्ट इंजिनिअरला फोन करीन. यूपीएसला हात लावणार नाही, मला तो येत नाही." समोरच्यांपैकी एकाने मान वर करून पाहिलं म्हणे. शेवटी इंग्रजीत चार ओळींचा ईमेल लिहायला दिला, तो सपशेल फसला. आयटीआयला 'एम्प्लॉयबिलिटी स्किल्स' नावाचा विषय असतो, त्यात पत्रलेखन आहे. पण याने पाठ केलं होतं ते रजेच्या अर्जाचं पत्र.

त्याने सोबत डायरी नेली होती. निळ्या शाईची नव्हे, दुसरी, मामांच्या फॉल्टची, खाडाखोडीची. त्यांनी ती दहा मिनिटं चाळली. टेक्निशियन म्हणून नाही, ज्युनिअर म्हणून घेतलं, पगार आमच्या ठेकेदारापेक्षा चार हजारांनी जास्त, तीन शिफ्ट, सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी.

आमचे प्लांट मॅनेजर म्हणाले, "शिकवून दुसऱ्याच्या घरी दिलंस." बोलणं झोंबलं, कारण ते खरं होतं. पाच महिने रोज अर्धा तास मामांचा, वर माझा, आणि फळ महाप्याला. कंपन्या अप्रेंटिसला स्टोअरमध्ये का बसवतात याचं निम्मं उत्तर या वाक्यात आहे. कलम 22 मालकाला मोकळं सोडतं, मग पोरगंही मोकळंच राहणार. मी मॅनेजरांना एवढंच म्हटलं की त्या दिवशी मोटर रिवाइंडिंगला गेली असती तर काय खर्च आला असता तो धरा. त्यांनी धरला नाही.

यंदा आमच्या हिश्श्याला चार अप्रेंटिस आहेत. दोघे इलेक्ट्रिशियन, एक फिटर, एक मुलगी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. मामा आता पॅनलमध्ये एकाच वेळी दोन फॉल्ट घालतात, एक खरा आणि एक नुसता दिसायला. मुलीने पहिल्या आठवड्यात खरा शोधला आणि दुसऱ्यावर वाद घातला, तो अजून मिटलेला नाही.

आता एक नवीनच त्रांगडं. मागच्या महिन्यात ऑडिट झालं. ऑडिटवाल्याने विचारलं, भंगारात काढलेला पॅनल भिंतीला कसा, आणि त्याला सप्लाय कुणाच्या मंजुरीने? एकतर असेट नंबर घ्या नाहीतर काढून टाका. असेट म्हणून चढवायचा तर फॉर्ममध्ये स्थिती लिहावी लागते: चालू की बंद. स्टोअरवाला माझ्याकडे फॉर्म घेऊन आला. मी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "आज बंद हाय. उद्याचं उद्या."

फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.